अस्क नदीवर, दुपारी एक

एक वाजला की माश्या उठतील,
असं बाबा न्याहारीपासून म्हणतायत.
मार्चचे शेवटचे दिवस. वेल्समधलं ऊन
ताकाच्या निवळीसारखं, पातळ.
समोरच्या उतारावर कोकरं आया शोधत ओरडतात.
मी त्यांना कुंपणाच्या पायरीवरून पलीकडे घेते:
आधी काठी, मग डावा पाय, मग एक शिवी.
दगडी बांधाच्या आडोशाला घडीच्या स्टुलावर बसवते.

एमरिस प्रॉसर, वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं टपाल वाटलं या खोऱ्यात.
कुणाचा कुत्रा चावरा, कुणाची चूल थंड, सगळं पाठ.
डोळे दोन वर्षांपूर्वी गेले, मधोमध डाग पडून.
"कडेकडेनं दिसत राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"कडेनं दिसून काय करू? मासा मध्ये असतो," हे म्हणाले.

हिवाळाभर स्वयंपाकघरात बसून
त्यांनी बोटांनी माश्या बांधल्या.
सशाच्या कानावरचे केस, तितराचं तपकिरी पीस,
रेशमाचे सात वेढे, ओठ हलवत, मोजून.
मला एकदाच म्हणाले,
"लुनेड, पीस विरळ चालेल, पंख वाकडा चालेल,
ट्राउट काही भिंग घेऊन बसत नाही.
पण खोटं बांधायचं तर गाठ दिसता कामा नये."

एकला पाच कमी.
नदीची कातडी थरथरते,
पहिली माशी वर येते, पंख उभे करून
शिडाच्या होडीसारखी वाहत जाते.
मग दहा. मग मोजणं सोडून द्यायचं.
मी कमरेइतक्या पाण्यात,
रबरी विजारीतून गारठा थेट हाडांशी बोलतोय.

"डुबुक. तो लहान, सोड," काठावरून बाबा.
"चुळुक. तो नुसता खेळतोय."
मग त्यांचा हात वर होतो,
फाटकापाशी पाकीट पुढे करताना व्हायचा तसा.
"तिकडे. पलीकडच्या काठाखाली. ऐकलंस?
बुळ्ळ.
जड आहे. घाई नाही त्याला.
पुन्हा बघ. बुळ्ळ.
म्हातारा आहे हा, लुनेड."

मी दोरी मागे फेकते, थांबते, पुढे सोडते.
माशी उतरते, वाहते, काही नाही.
पुन्हा. वीतभर वर. काही नाही.
माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर
दोन चांगले मासे पाणी फोडून गेले,
मी बघितलंसुद्धा नाही.
पंधरा मिनिटं. वीस.
आणि जत्रा उठावी तसं
नदीवरून सगळं उठून गेलं.

तेव्हा चार पावलं पुढे सरकले, आणि दिसलं:
ऑल्डरची फांदी, अजून पान नसलेली, टोक पाण्यात.
प्रवाह तिला खाली ओढतो,
ती सुटते, वर येते.
बुळ्ळ.
दर सहा-सात सेकंदांनी. घाई नाही तिला.

"काय झालं?"
"लागला होता, बाबा. सुटला."
"मोठा?"
"कोपरापर्यंत."

बराच वेळ ते बोलत नाहीत. कोकरं बोलतात.
रीळ तर माझं एकदाही कुरकुरलं नव्हतं,
हे मला थर्मासचं झाकण फिरवताना सुचतं.
ते चहा घेतात, दोन्ही हातांत कप धरून, फुंकर मारत,
बिस्किट बुडवतात, त्याचा अर्धा भाग आत पडतो,
तोही पितात.
मग टोपी सारखी करून म्हणतात,
"गाठ दिसली, पोरी."

मी मोजे पिळत राहते.

"कुठलं झाड?"
"ऑल्डर."
"उद्या करवत आण."
काठीच्या टोकानं चिखलात काहीतरी गिरवतात, पुसतात.
"नाही, नको. राहू दे.
मी मासा असतो तर तिच्याच आडोशाला राहिलो असतो."

बुळ्ळ.

"ही फांदी," मी म्हणते.
"हो का?" ते म्हणतात,
आणि कप बाजूला ठेवून
मान तिकडे वळवतात,
किंचित तिरकी,
डोळ्यांच्या कडेनं पाहिल्यासारखी.